नंदुरबारने प्रश्न कधी विचारावयाचे?

महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांविषयी सतत अहवाल लिहिले जातात, त्यांत नंदुरबारचे नाव नेहमीच वरच्या ओळीत असते. कुपोषणाच्या पाहण्या येथे झाल्या. सिकलसेलसाठी रक्ततपासण्या येथे झाल्या. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील गावांचा अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८० च्या दशकातच हाती घेतला होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले ते याच जिल्ह्यातील टेंभली गावी. २०१८ मध्ये ‘आकांक्षित जिल्हे’ निवडण्यात आले तेव्हाही राज्यातील चार नावांत नंदुरबार होते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात आणि त्यांतील सुमारे ६९ टक्के आदिवासी; साक्षरता ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. या आकड्यांचा उल्लेख प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर होतो. मात्र ते मोजणारे बाहेरून आले आणि मोजून परत गेले. ज्यांचे मोजमाप झाले त्यांच्या मुलांना मोजण्याची विद्या कोणी शिकविली काय, हा प्रश्न अद्याप कोणत्याच अहवालात आलेला नाही.

हा प्रश्न आज विचारण्यास निमित्त आहे ते शालेय विद्यार्थ्यांच्या उन्हाळी संशोधनाचे. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्याने सुट्टीतील चार-सहा आठवडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या, प्राध्यापकाच्या वा जाणकाराच्या हाताखाली घालवावे, एक लहानसा पण खरा प्रश्न हाती घ्यावा आणि त्याचे उत्तर स्वतः शोधावे, ही कल्पना आता शिक्षणक्षेत्रात रुजू लागली आहे. तिला सर्रास ‘इंटर्नशिप’ म्हटले जाते. मराठीत याला ‘उमेदवारी’ हा जुना आणि नेमका शब्द आहे. सोनाराच्या, सुताराच्या, वकिलाच्या हाताखाली माणसे उमेदवारी करीत. तशीच ही संशोधनाची उमेदवारी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची शिफारस केली आणि सुट्टीसह इतर काळातही सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना अशी संधी मिळावी असे म्हटले. धोरणाच्या कागदावर ही संधी सर्वांसाठी आहे. प्रत्यक्षात ती कोणाच्या वाट्याला येते, हे तपासणे अगत्याचे आहे.

मामाची चिठ्ठी

अशा उमेदवारीचे मुंबईतील एक प्रसिद्ध उदाहरण १९०८ सालचे आहे. छर्‍याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून एक शाळकरी मुलगा ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात गेला. सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांनी ती चिमणी ओळखून दिली, शिवाय पक्ष्यांचा संग्रह दाखविला, पुस्तके दिली आणि कातडी भरून पक्षी कसा जतन करावा हे शिकविण्याची व्यवस्था केली. हा मुलगा म्हणजे पुढचे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली. ही कथा सांगताना सर्वांचे लक्ष मुलाच्या कुतूहलाकडे जाते, ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी मुलाच्या हाती त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांची ओळखचिठ्ठी होती आणि मामा सोसायटीचे सभासद होते, ही गोष्टही विसरून चालणार नाही. कुतूहल अनेकांजवळ असते, तसे मामा अनेकांना नसतात.

शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी या व्यवस्थेचा गाभा फारसा बदललेला नाही. पुण्या-मुंबईच्या ज्या घरात कोणी प्राध्यापक आहे, कोणी डॉक्टर आहे, त्या घरच्या मुलाला प्रयोगशाळेचे दार एका दूरध्वनीवर उघडते. त्यापलीकडे आता एक नवा बाजार उभा राहिला आहे. परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशअर्जात ‘संशोधन’ दिसावे म्हणून हजारो डॉलर शुल्क घेऊन शालेय मुलांना मार्गदर्शक पुरविणाऱ्या कंपन्या अमेरिकेत निघाल्या आणि त्यांच्या जाहिराती भारतातील श्रीमंत शाळांपर्यंत पोहोचल्या. याच अमेरिकेत १९८४ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी चालणारी ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ निवडलेल्या मुलांकडून शिक्षणशुल्क घेत नाही, हेही ध्यानात घ्यावे. म्हणजे दोष कल्पनेचा नव्हे. जी गोष्ट गुणवत्तेवर मिळावयास हवी ती विकत मिळू लागली की तिचे मोल शोधात उरत नाही, प्रमाणपत्रात जाऊन बसते.

शासनाच्या योजनांचा हिशेब मांडला तर काय दिसते? किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ मध्ये सुरू झाली. निवडलेल्या विद्यार्थ्यांना पुढे विज्ञानशाखेचे शिक्षण घेताना शिष्यवृत्ती आणि नामवंत संस्थांतील उन्हाळी शिबिरे मिळत. पण तिची परीक्षा इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत होई आणि २०२२ मध्ये ती ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन करण्यात आली. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०१९ मध्ये नववीच्या मुलांसाठी ‘युविका’ हा दोन आठवड्यांचा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. ग्रामीण शाळांतील मुलांना निवडीत जादा गुण देण्याचा शहाणपणा त्यात आहे. तथापि पहिल्या वर्षी प्रत्येक राज्यातून तीन विद्यार्थी घेण्यात आले. महाराष्ट्राचे जिल्हे ३६. तीन जागांना ३६ ने भागले असता नंदुरबारच्या वाट्याला काय येते, हे सांगण्यास गणिताच्या शिक्षकाची गरज नाही. पुढे जागा वाढल्या, परंतु देशभराच्या चाळणीतून मूठभर मुले वेचणे हेच अशा कार्यक्रमांचे स्वरूप राहते. त्यातून चमकदार मुले पुढे येतात. जिल्ह्यात प्रश्न विचारण्याची सवय मात्र त्यातून निर्माण होत नाही.

रानपिंगळ्याचा धडा

ही सवय निर्माण होणे का महत्त्वाचे आहे, याचा दाखला नंदुरबारच्या रानातच आहे. रानपिंगळा हा लहान घुबडाच्या जातीचा पक्षी. १८७२ मध्ये मध्य भारतात त्याचा पहिला नमुना मिळाला, १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातून काही नमुने गोळा केले आणि १८८४ नंतर तो कोणाच्या खात्रीलायक नोंदीत आला नाही. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळाल्याची एक नोंद होती, पण ती खोटी ठरली. कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी संग्रहालयातील जुना नमुना उचलून त्यावर बनावट चिठ्ठी लावली होती, असे पामेला रासमुसेन यांच्या तपासणीत आढळले. खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोध कोठे घ्यावयाचा हे स्पष्ट झाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या व त्यांचे सहकारी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचले. तेथे ११३ वर्षांनी हा पक्षी पुन्हा दिसला. नंदुरबार जिल्हा त्या वेळी अस्तित्वातही आलेला नव्हता. धुळ्यातून तो वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी.

जगाने हरवला म्हणून ज्याची नोंद केली, तो पक्षी दिवसाढवळ्या वावरणारा आहे. त्या जंगलाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या कानावर त्याचा आवाज पडतच असणार. पाहणारे डोळे होते, परंतु पाहिलेले लिहून ठेवावे, ते कोणाला तरी कळवावे आणि आपली नोंद शास्त्राच्या उपयोगाची आहे असे मानावे, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. शिवाय लंडनच्या संग्रहालयातील खोट्या चिठ्ठीने भल्याभल्यांची दिशाभूल केली, हेही या कथेतच आहे. प्रामाणिक नोंद म्हणजे काय, हे तोरणमाळच्या आश्रमशाळेतील मुलाला शिकविण्यासाठी याहून चांगला पाठ सापडणार नाही.

सुट्टी कोणाची?

तेव्हा नंदुरबारमध्ये अशी उमेदवारी सुरू करावयाची तर ती कशी असावी? पहिली गोष्ट वेळेची. शहरातल्या मुलाची उन्हाळी सुट्टी रिकामी असते, ती भरण्यासाठी शिबिरे काढावी लागतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरील मुलाची सुट्टी आधीच भरलेली असते. मोहाची फुले वेचून झाली की चारोळी, मग कैऱ्या उतरवून, सोलून, चिरून वाळविणे, म्हणजे आमचुराचे काम. गुजरातेत ऊसतोडीला वा मजुरीला गेलेली माणसे याच सुमारास परततात आणि पावसाळ्यापूर्वीची शेताची कामे डोक्यावर असतात. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा वा मुलगी या दिवसांत घरच्या मिळकतीचा एक हात असतो. त्याला सहा आठवडे विनामूल्य ‘अनुभव’ घेण्यास बोलाविणे म्हणजे घराला सहा आठवड्यांचा तोटा सोसण्यास सांगणे होय. विद्यावेतनाशिवाय ही योजना म्हणजे सुस्थित घरांतील मुलांसाठी राखीव जागाच ठरेल.

विद्यावेतनाचे तत्त्व शासनाने अन्यत्र मान्य केलेले आहे. केंद्राने २०२४ मध्ये आणलेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत २१ ते २४ वर्षे वयाच्या तरुणांना दरमहा पाच हजार रुपये देण्याचे ठरले. त्याच वर्षी राज्याने आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा सहा हजारांची तरतूद झाली. मग पंधरा-सोळाव्या वर्षी, जेव्हा शाळा सोडावी की शिकावे याचा निर्णय घरात होत असतो, तेव्हा काहीच का असू नये? सहा तालुक्यांतून प्रत्येकी २० असे १२० विद्यार्थी घेतले आणि दरमहा पाच हजारांच्या दराने दीड महिन्याचे साडेसात हजार प्रत्येकास दिले, तर खर्च नऊ लाख रुपये होतो. मार्गदर्शकांचे मानधन, प्रवास, वजनकाटे, तापमापक, वह्या हे सारे धरून तो अडीचपट झाला, तरी एका जिल्ह्याच्या वार्षिक नियोजनात ही रक्कम जड वाटण्याचे कारण नाही.

मार्गदर्शक येथेच आहेत

दुसरी गोष्ट मार्गदर्शकांची. त्यासाठी पुण्या-मुंबईकडे डोळे लावून बसण्याची आवश्यकता नाही. कोळदे येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालते. शहाद्याच्या पूज्य साने गुरुजी विद्याप्रसारक मंडळाची आणि नंदुरबारच्या गजमल तुळशीराम पाटील महाविद्यालयाची विज्ञानशाखा आहे. जळगावच्या विद्यापीठाची आदिवासी अकादमी नंदुरबारमध्ये आहे. धडगाव परिसरात ‘बायफ’ने गावकऱ्यांच्या साह्याने मका व ज्वारीच्या देशी वाणांचे जतन केले. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोषाला मान्यता दिली, त्याआधीच्या प्रायोगिक टप्प्यात हे काम झाले. या प्रत्येक ठिकाणी उन्हाळ्यात पाच-दहा मुलांना सामावून घेणे अशक्य नाही. आणि मार्गदर्शक म्हणजे केवळ पदवीधारक असेही मानू नये. बियाण्याचे वाण नजरेने ओळखणारी आजी आणि रानातील प्रत्येक झाडाचे नाव जाणणारा म्हातारा हेही या मुलांचे गुरूच आहेत. प्राध्यापकाने नोंद कशी करावी हे शिकवावे, कशाची करावी हे त्या जाणत्यांनी सांगावे.

विषयांची तर येथे वाणच नाही. एक किलो आमचुरासाठी किती किलो कैरी लागते, दगडावर वाळविल्याने आणि कापडावर वाळविल्याने रंगात व वजनात काय फरक पडतो, धडगावच्या पाड्यापासून नंदुरबारच्या बाजारापर्यंत भाव कोठे कितीने वाढतो, याचे मोजमाप नववीची मुलगी करू शकते. शहादा-तळोद्याच्या केळी, ऊस आणि पपईच्या पट्ट्यात मे महिन्यात विहिरींची पाणीपातळी दर आठवड्याला दोरी सोडून मोजली आणि तीच विहीर, तोच वार, असे पाच वर्षे चालले, तर जिल्ह्याला हवी असलेली माहिती मुलांच्या वहीतून मिळेल. भाषेचे क्षेत्रही मोकळे आहे. ग्रिअर्सन यांनी १९०७ मध्ये भाषापाहणीच्या नवव्या खंडात भिली आणि खानदेशी बोलींची नोंद केली. आज पावरी, मावची, भिली, अहिराणी बोलणारी मुले वर्गात बसतात आणि आपली बोली वर्गाबाहेर ठेवून येतात. त्यांनी आपल्या पाड्यातील शेतीचे, पावसाचे, आजारांचे शब्द गोळा केले तर ते संशोधनच होय.

येथेच माध्यमाचा मुद्दा येतो. प्रश्न मराठीत विचारता यावा, नोंद आपल्या बोलीत करता यावी आणि निष्कर्ष गावासमोर वाचता यावा. १९९३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने स्थानिक प्रश्नांवरील गटप्रकल्प आणि मातृभाषेतील मांडणी या दोन गोष्टींना मान दिला, हे तिचे मोठे श्रेय. परंतु तेथेही स्पर्धेची पायरी आली की शिक्षकाने लिहिलेला अहवाल मुलाने पाठ म्हणण्याचा प्रकार अनेक ठिकाणी घडतो. उमेदवारीत स्पर्धा नसावी. क्रमांक आले की चुकीची नोंद लपविली जाते. आणि चुकलेली नोंद न लपविणे हाच तर संशोधनाचा पहिला संस्कार.

आक्षेपांचा विचार

या सूचनेवर आक्षेप येणार हे उघड आहे. ज्या जिल्ह्यात मुलांना वाचता येत नाही म्हणून ओरड होते, तेथे संशोधनाची भाषा कशाला, असे म्हटले जाईल. विज्ञानशिक्षकांच्या रिकाम्या जागा भरण्याऐवजी हे नवे खूळ कशाला, असेही विचारले जाईल. यातील दुसरा आक्षेप मोलाचा आहे. उन्हाळ्यातील सहा आठवडे वर्षभराच्या शिक्षकाची जागा घेऊ शकत नाहीत आणि शासनाने तशी पळवाट शोधू नये. पण पहिल्या आक्षेपाला अनुभवाचे उत्तर आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने खेड्यातील साध्या शाळांतील मुले प्रयोग करून, तर्क लढवून विज्ञान शिकू शकतात हे तीस वर्षे दाखविले. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला तो मुले नापास झाली म्हणून नव्हे. खानदेशातही होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७४ मधील स्थापनेनंतर आपले आरंभीचे क्षेत्रकार्य केले ते जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत. ज्या मुलाला शेकडेवारी पुस्तकात कळत नाही, त्याने दहा किलो कैरीची दीड किलो फोड उरलेली स्वतः तोलून पाहिली की ती त्याला कळण्याचा मार्ग मोकळा होतो.

‘मुले लहान आहेत’ हा आक्षेप तर नंदुरबारमध्ये उच्चारूच नये. ९ सप्टेंबर १९४२ रोजी या शहराच्या चौकात तिरंगा हाती धरून गोळ्या झेलणारा शिरीषकुमार मेहता शाळकरी मुलगाच होता. त्याच्याजवळ स्वतःची बुद्धी आणि निर्णय होता हे मानूनच त्याचे स्मारक उभारलेले आहे. त्याच वयाच्या मुलांना आज एका विहिरीचे पाणी मोजण्याइतके विश्वासार्ह मानण्यास काय हरकत असावी?

एक धोका मात्र खरा आहे आणि त्याविषयी आधीच नियम हवेत. मुले म्हणजे फुकटचे माहितीसंकलक नव्हेत. एखाद्या संस्थेने आपल्या सर्वेक्षणाचे अर्ज भरून घेण्यासाठी त्यांना राबविले, तर ती उमेदवारी नव्हे, वेठ होय. सिकलसेलसारख्या विषयात रुग्णांची नावे व तपासण्यांचे निकाल मुलांच्या हाती पडता कामा नयेत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत मुलांनी जनजागृतीची साधने आपल्या बोलीत तयार करावीत, पण कोणाच्या रक्तात काय आहे याची यादी करू नये. वनौषधींचे व बियाण्यांचे ज्ञान गावाच्या मालकीचे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी व्यवस्थापन समित्या व लोकनोंदवह्या आणल्या आहेत, तेव्हा मुलांची नोंद प्रथम त्या वहीत जावी आणि मगच इतरत्र. सहा आठवड्यांच्या अखेरीस प्रत्येक मुलाने आपला निष्कर्ष ग्रामसभेत सांगावा, हा नियम केला तर बनावट अहवालांना आपोआप आळा बसेल. कारण ज्याची विहीर मोजली तो समोर बसलेला असेल.

अशा शिबिरांतून शिकलेली मुले जिल्हा सोडून जातील, अशीही भीती व्यक्त होते. काही जातील, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु आजही तरुण जिल्हा सोडतातच, ते कोयता घेऊन. प्रश्न विचारण्याची विद्या घेऊन गेलेला तरुण परत येण्याची शक्यता निदान अधिक असते.

आरंभ मोठा करण्याची गरज नाही. नंदुरबार आणि तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये, जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग आणि जिल्हा नियोजन समिती यांनी एकत्र बसून एका उन्हाळ्यापुरती १२० मुलांची यादी, २० मार्गदर्शक आणि तेवढेच प्रश्न ठरवावेत. निवड गुणपत्रिकेवर न करता शाळेच्या शिक्षकाने ओळखलेल्या जिज्ञासेवर करावी आणि निम्म्या जागा मुलींना द्याव्यात. विद्यावेतन काम सुरू होताच पहिल्या आठवड्यात हाती पडावे, दिवाळीत नव्हे. त्यानंतर जो अहवाल निघेल, तो नंदुरबारविषयीचा आणखी एक अहवाल असेल खरा. पण तो लिहिणाऱ्यांचा पत्ता नंदुरबारचाच असेल.